वेल्डिंगचा जोड ओला करून तपासा

भोसरीतल्या आमच्या शॉपमधून ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट कार्बन फायबर-नायलॉनच्या पट्ट्यांवर इंडक्शनने जोडून गेले होते. पुल टेस्टला जोड शाबूत राहिला, पट्टीच फाटली. कस्टमर खूश. पावसाळा सरल्यावर तोच लॉट परत आला. जोडाच्या कडेने पांढरी भुकटी धरली होती आणि नख घातलं तरी ब्रॅकेट सुटत होता.

ती भुकटी म्हणजे खाल्लं गेलेलं ॲल्युमिनियम. कार्बन फायबरमधून वीज वाहते. तो ॲल्युमिनियमला टेकला आणि मध्ये ओल शिरली, की तिथे बॅटरी तयार होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. बोइंग 787 चं वजनाने जवळपास निम्मं अंग कंपोझिटचं आहे. त्यात कार्बनलगतच्या बऱ्याच जागी महागडं टायटॅनियम वापरलंय, त्यामागे हेही एक कारण आहे. आपल्याला टायटॅनियम परवडणार नाही, पण मध्ये काचतंतूचा एक पातळ थर नक्की परवडतो. तो ब्रॅकेटच्या कडेबाहेर थोडा येऊ द्या आणि कडा सील करा.

काम घेताना आधी विचारा, पट्टीतली राळ कोणती? एपॉक्सी एकदा पक्की झाली की पुन्हा वितळत नाही, करपते. तिथे गोंद किंवा रिव्हेटच. नायलॉन 6 मात्र 220 अंशांच्या आसपास वितळतं. ॲल्युमिनियम वितळायला 660 लागतात, म्हणजे धातू वितळतच नाही. नायलॉन त्याच्या खडबडीत पृष्ठभागात शिरून पकड घेतं. त्यामुळे खरं काम ब्लास्टिंगचं. ब्लास्ट झालेल्या पृष्ठभागाला उघडा हात लावू देऊ नका. वर पाणी सोडून बघा: सलग पसरलं तर ठीक, थेंब धरले तर तेल किंवा सिलिकॉन राहिलंय, पुन्हा साफ करा. नायलॉन ओल शोषतं, म्हणून पट्ट्या ओव्हनमध्ये वाळवूनच घ्या, नाहीतर जोडात बुडबुडे येतात.

लांब जोडाचा मोह टाळा. 300 मिमी ॲल्युमिनियम 220 अंशांवरून 20 वर येताना सुमारे 1.4 मिमी आकसतं; कार्बन तंतूच्या दिशेने जवळजवळ हलतच नाही. हा ताण जोडात कायमचा बसतो. छोटे छोटे जोड द्या.

आणि पुल टेस्ट कोरड्या नमुन्यावर उरकू नका. काही नमुने मिठाच्या पाण्यात ठेवून मग ओढा. ही टेस्ट कोटेशनमध्येच लिहा, तिचे पैसे लावा आणि कस्टमरने ती काढायला सांगितली तर काम घेण्याआधी पुन्हा विचार करा.