कोकणात उतरण्यापूर्वी धापणारी मेंढी वेगळी काढा

परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर, फुटपाथवर घोंगडी अंथरून बसलेली माणसे दिसली की मी थांबतो. गावाकडची चौकशी होते, मेंढरांची होते, आणि मग हळूच प्रश्न येतो : "डॉक्टर, आमच्या वाड्यातली दोन मेंढरं अशीच धापून धापून मेली. तात्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर त्यांच्यापासूनच लागला का हो?"

नाही. तात्यांचा आजार मेंढरांमुळे आलेला नाही. पण ती मेंढरे कशाने गेली, याचा विचार दिवाळीनंतर बिऱ्हाड कोकणात उतरण्याआधी करायलाच हवा.

मेंढीला विषाणूमुळे फुफ्फुसाचा कॅन्सर होतो. दक्षिण आफ्रिकेतले मेंढपाळ या रोगाला 'यागसिक्टे' म्हणत आले. पाठलाग करून दमवलेल्या जनावरासारखी मेंढी धापते, म्हणून हे नाव. जगातली पहिली क्लोन मेंढी डॉली हिला याच रोगामुळे २००३ मध्ये दयामरण द्यावे लागले. भारतातल्या मेंढ्यांतही त्याची नोंद झालेली आहे.

हा रोग ओळखायला कठीण, कारण मेंढी खाते-पिते, अंगात ताप नसतो, तरी वाळत जाते. कळप चालवला की ती मागे राहते, मान पुढे काढून श्वास घेते. खाली मान घालून चरताना नाकातून पांढरट, फेसाळ पाणी गळते. प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले की चार दिवस बरे वाटते, कारण वरून झालेला न्यूमोनिया तेवढा दबतो. आतली गाठ वाढतच राहते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा दोन ते चार वर्षे जातात. म्हणून दोन-तीन वर्षांपुढच्या मेंढ्यांवर जास्त नजर ठेवा. मागचे पाय उचलले की काही मेंढ्यांच्या नाकातून पेलाभर पाणी येते, पण ही परीक्षा घरी करू नका. मेंढी गुदमरते, आणि पाणी आले नाही म्हणून रोग नाही असेही ठरत नाही.

धापणारे प्रत्येक मेंढरू कॅन्सरचेच असते असे मुळीच नाही. फुफ्फुसातले जंत, पीपीआर, साधा न्यूमोनिया हे कितीतरी जास्त आढळतात आणि त्यांवर इलाज आहे. कॅन्सरवर मात्र ना लस, ना औषध. मेंढीचे शरीर या विषाणूला परका मानतच नाही, त्यामुळे रक्त तपासूनही निदान होत नाही.

आता माणसाचे. पेशीत शिरायला विषाणूला दार लागते. उंदराच्या पेशीवरचे दार याला नीट उघडत नाही. माणसाच्या पेशीवरचे दार प्रयोगशाळेत उघडते, हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण उंबरा ओलांडला म्हणजे संसार थाटला असे होत नाही. आत वाढायला मेंढीच्या फुफ्फुसातल्यासारखी सोय लागते. शेळीतसुद्धा हा रोग क्वचितच दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांच्या श्वासात झोपलेल्या मेंढपाळांना या विषाणूने कॅन्सर झाल्याचा एकही सिद्ध दाखला नाही. घरात कुणाचा खोकला तीन आठवड्यांवर गेला, तर मेंढीला दोष देत बसू नका; बिडी सोडा आणि सरकारी दवाखान्यात छाती तपासून घ्या.

सगळेच रोग असे अडत नाहीत. याच परळच्या हाफकिन संस्थेत, उंदराच्या पिसवांमधून प्लेग माणसात कसा येतो, याचा शोध शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घेतला गेला. तुमच्या कळपातलाच मावा हाताला फोड आणतो, गाभडलेल्या मेंढीपासून ब्रुसेला लागतो, काळपुळी जीव घेते. म्हणून गाभडलेला गर्भ किंवा वार उघड्या हाताने उचलू नका. अचानक मेलेल्या, नाकातोंडातून काळे रक्त आलेल्या मेंढराला सुरी लावू नका.

निघण्याच्या आठवडाभर आधी कळप चढावर थोडा चालवा आणि मागे राहणाऱ्या मेंढ्यांना खूण करा. त्यांना रात्री वेगळे बसवा, पाण्याचे भांडे वेगळे ठेवा. रोग श्वासातून पसरतो, चिकातून आणि दुधातूनही जातो. अशा मेंढीची कोकरे पैदाशीला ठेवू नयेत. आइसलँडने १९३३ मध्ये बाहेरून काराकुल मेंढे आणले, त्यांच्यासोबत हा रोग आला, आणि तो निपटायला १९५२ पर्यंत कळपच्या कळप मारावे लागले. बाजारातून नवा नर आणाल तर लगेच कळपात सोडू नका.

मेंढी मेलीच, तर १९६२ वर फोन करून पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या. रोगट फुफ्फुस जड, घट्ट, करडे असते आणि श्वासनळीत फेस भरलेला असतो. त्याचा तुकडा फॉर्मलिनमध्ये घालून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवता येतो. उरलेले कुत्र्यांपुढे न टाकता खोल पुरा, वर चुना घाला.