भाडेकरूंचा आवाज

मुलांनो, लंडन शहरात ग्रेनफेल टॉवर ही नगरपालिकेच्या मालकीची २४ मजली इमारत होती. तेथे बहुतेक भाडेकरू राहत. आगीचा धोका आहे, असे काही रहिवाशांनी आधीच कळवले होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. १४ जून २०१७ च्या रात्री आग लागली आणि ७२ माणसे मरण पावली.

२०२३ साली इंग्लंडमध्ये नियम बदलले. आता अशी घरे देणाऱ्या मोठ्या संस्थांना दरवर्षी भाडेकरूंचे मत विचारून ते जाहीर करावे लागते.

तुमच्या इमारतीचा जिना अंधारा असेल, तर गप्प बसू नका. मोठ्यांच्या मदतीने अर्ज लिहा. तारीख घाला, शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, नक्कल जपून ठेवा.

प्रश्न : अर्जाची नक्कल का ठेवावी?