स्क्रिप्ट लिहिणाऱ्यापेक्षा सांभाळणारा मोलाचा

कॉम्प्युटरला प्रवेश घेतलेला मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करत बसते, आणि आई-वडिलांना घोर लागतो. चंद्रपूर असो की गडचिरोली, पालकांचा प्रश्न एकच असतो: ‘हे करून पोट भरेल का?’ भरतं. कसं, ते एका कामाच्या उदाहरणाने सांगतो. काम आहे लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन बसवून देणारी स्क्रिप्ट तयार करण्याचं आणि पुढे ती सांभाळण्याचं.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. ‘क्लाउड’चा धंदा बऱ्याच अंशी यावरच उभा आहे. लिनक्समध्ये त्यासाठीची केव्हीएम ही सोय २००७ पासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. तरी आधी प्रोसेसरची सुविधा बायोसमध्ये चालू आहे का ते तपासायचं, मग क्यूईएमयू आणि लिबव्हर्ट हे प्रोग्रॅम बसवायचे, वापरणाऱ्याला योग्य ग्रुपमध्ये घालायचं, नेटवर्क जोडायचं. ही सगळी उस्तवार एका कमांडमध्ये उरकून देते ती इन्स्टॉलर स्क्रिप्ट. बॅश ही स्क्रिप्टची भाषा नीट शिकलेली मुलं तिची पहिली आवृत्ती फार दिवस न लावता लिहितात.

खरा कस पुढे लागतो. उबुंटू आणि फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांच्या नव्या आवृत्त्या साधारण दर सहा महिन्यांनी येतात आणि कधी कधी पॅकेजची नावं बदलतात. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशन हे व्हर्च्युअल मशीनचे दुसरे प्रोग्रॅम स्वतःचे मॉड्यूल कर्नलमध्ये घालतात. कर्नल बदललं की ते पुन्हा बांधावे लागतात, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर त्यांवर डिजिटल सही नसताना कर्नल ते आत घेत नाही. काल व्यवस्थित चाललेली स्क्रिप्ट आज अपडेटनंतर अडते. का अडली हे शोधून ती पुन्हा चालती करणाऱ्याला कंपन्या पगार देतात.

चूक किती महागात पडते, याचं २०११ मधलं एक उदाहरण या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपसाठी ‘बंबलबी’ नावाचा प्रकल्प होता. त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये ‘यूएसआर’ फोल्डरच्या आत खोलवर असलेली एक जागा पुसणारी ओळ होती. त्या ओळीत ‘यूएसआर’नंतर चुकून एक स्पेस पडली. कमांड वाचणाऱ्या शेलच्या लेखी स्पेस आली की दोन वेगळी नावं झाली. स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे सर्वोच्च अधिकाराने चालायची; ज्यांनी ती चालवली त्यांचं अख्खं ‘यूएसआर’ पुसलं गेलं, आणि लिनक्सचे बहुतेक प्रोग्रॅम तिथेच असतात. व्हेरिएबलमधल्या स्पेसनेही असंच होतं; म्हणून ते अवतरणचिन्हांत ठेवायचं, ते रिकामं निघालं तर स्क्रिप्ट तिथेच थांबवायची, प्रत्येक बदल शेलचेक या तपासणी-प्रोग्रॅममधून काढायचा आणि चाचणी व्हर्च्युअल मशीनमध्येच, स्नॅपशॉट घेऊन करायची. ही सवय पहिल्या वर्षापासून लागली पाहिजे.

इथे आपल्या मुलांची एक जमेची बाजू आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो, हे ज्याने पाहिलंय तो नेट अखंड चालेल असं गृहीत धरत नाही. तुटलेलं डाउनलोड होतं तिथून पुढे सुरू व्हावं, उतरलेली फाइल शा-२५६ या डिजिटल ठशाने पडताळावी, पेनड्राइव्हवर आणलेली फाइलही चालावी, मध्येच वीज गेली तर स्क्रिप्ट पुन्हा चालवल्याने काही बिघडू नये, हे त्याला सुचतं. अशी स्क्रिप्ट कुठेही टिकते.

शिक्षणासाठी लगेच पुणं गाठण्याची गरज नाही. चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आहे, ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीत शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. बीसीए किंवा बीएस्सी करणाऱ्यांनाही ही वाट मोकळी आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, तेही फुकट. पुढे हवं तर सी-डॅकचा पदव्युत्तर डिप्लोमा. रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा चालत्या मशीनवर काम करून द्यावी लागते, पाठांतराचा तिथे उपयोग नाही; पण तिची फी पहिल्याच वर्षी भरू नका. महागड्या गेमिंग लॅपटॉपचीही गरज नाही. ८ जीबी रॅमवर सुरुवात होते, १६ असेल तर दोन-तीन मशीन एकदम चालवता येतात.

‘इन्स्टॉलर लेखक’ अशी जाहिरात मात्र शोधू नका. लिनक्स ॲडमिन, डेव्हऑप्स, रिलीज इंजिनिअर या नावांनी जागा निघतात. नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या कंपन्या आहेत, पुण्यात रेड हॅटचं मोठं कार्यालय आहे. पहिली नोकरी बऱ्याचदा सपोर्टची आणि रात्रपाळीची असते, हे घरच्यांनी आधीच मनात धरावं.

स्क्रिप्टची पहिली चाचणी कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांची परवानगी घेऊन करा. मग कोड सर्वांसाठी खुला ठेवा आणि आलेल्या प्रत्येक तक्रारीला उत्तर द्या. मुलाखतीत या तक्रारी-उत्तरांची नोंदच उघडून दाखवायची असते. पालकांनीही मार्कांसोबत एवढं विचारत जावं: या महिन्यात तुझी स्क्रिप्ट कुठे अडली, आणि तू ती कशी सोडवलीस?