जुना कॅमेरा, नवा रोल

हॉस्टेलवर माझ्या टेबलावरचा कॅमेरा बघून दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतं, "ह्यात काढलेला फोटो दिसतो कुठे?" दिसत नाही! रोल धुवून येईपर्यंत काहीच दिसत नाही. म्हणून हा लेख. (मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

माझा कॅमेरा पेंटॅक्स के-१०००. मुंबईच्या बोरा बाजारातून सेकंडहँड घेतलेला. हे मॉडेल १९७६ ते १९९७ पर्यंत बनत होतं, त्यामुळे आजही सापडतं. सोबत मॅन्युअल नव्हतं आणि मला घाई होती. माझे मामा पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. हात थरथरायला लागलाय. पुढच्या वर्षी आखणीला बसतील की नाही, सांगता येत नाही. फोनवर फोटो निघाले असते, पण माझ्या पहिल्या फोनमधले फोटो फोनबरोबरच गेले आणि रोह्याच्या घरी आजोबांच्या निगेटिव्ह अजून बिस्किटाच्या डब्यात शाबूत आहेत. म्हणून फिल्मच. एका रोलमध्ये फोटो फक्त ३६, रोल महाग. तेव्हा आधी यंत्र समजून घेणं आलं.

कुठलाही फिल्म कॅमेरा चारच कामं करतो: फिल्म अंधारात ठेवणं, फोकस, लेन्सचं भोक (अपर्चर) लहानमोठं करणं आणि शटर ठरावीक वेळ उघडणं. समोरचं बटण ह्यातल्या कुठल्या कामाचं, एवढं ओळखा. मॅन्युअलशिवाय निम्मं काम होतं.

रोल भरण्याआधीची तपासणी अशी:

१) रिवाइंडची खुंटी वर ओढली की मागचं दार उघडतं. शटर 'बी'वर आणि अपर्चर एफ/२ वर ठेवून बटण दाबून धरा. दाबलंय तोवर शटर उघडं राहतं. आता लेन्समधून उजेडाकडे बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. पेण-रोह्याच्या पावसाळ्यात ही हमखास धरते. चामड्याची केस ओल धरते, म्हणून कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा.

२) शटर १ सेकंदावर लावून घड्याळाशी ताडा. मग १/३० वर लावा आणि फोनच्या स्लो मोशनमध्ये मागून शूटिंग घ्या. फोन सेकंदाला २४० फ्रेम्स घेत असेल तर साधारण ८ फ्रेम्समध्ये उजेड दिसायला हवा. लॅबमध्ये न जाता प्रॅक्टिकल झालं!

३) दाराच्या कडेचा काळा फोम चिकट झाला असेल तर बदला, नाहीतर उजेड आत शिरतो.

४) के-१००० चं शटर बॅटरीशिवाय चालतं. एलआर ४४ ची बॅटरी फक्त मीटरला लागते. मीटरला बंद करायचं बटणच नाही, म्हणून काम झालं की लेन्सवर झाकण घाला.

आता गणित. अपर्चरचा आकडा म्हणजे गुणोत्तर. ५० मिमी लेन्सचा एफ/२ म्हणजे २५ मिमीचं भोक, एफ/४ म्हणजे १२.५ मिमीचं. व्यास निम्मा, क्षेत्रफळ पाव. म्हणून २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ह्या प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. शटरचंही तसंच. भर उन्हात एफ/१६ ठेवायचा आणि शटर फिल्मच्या आयएसओइतकं: ४०० च्या फिल्मला १/५००. रोह्याला कुंडलिकेच्या काठावर दुपारी मीटरने हेच सांगितलं.

मामांच्या कारखान्यात मात्र सुई एफ/२ आणि १/६० वर मध्ये आली. अपर्चरच्या सहा पायऱ्या, शटरच्या तीन, एकूण नऊ. दोनाचा नववा घात ५१२. म्हणजे कारखान्यातला उजेड नदीकाठच्या उन्हाच्या पाचशेव्या हिश्शाहून कमी! डोळ्यांना ते कळतच नाही, फिल्मला कळतं. शिवाय ५० मिमी लेन्स हातात धरून १/६० पेक्षा हळू गेलं तर फोटो हलतो. आणि एफ/२ वर एक मीटर अंतरावर जेमतेम पाच सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो. म्हणून फोकस कुंचल्याच्या टोकावर धरला, मामांनी श्वास रोखला की मीही रोखायचा आणि बटण दाबायचं.

शेवटचं आणि महत्त्वाचं. रोल भरल्यावर लिव्हर ओढताना रिवाइंडची खुंटी फिरतेय ना, बघा. फिरत नसेल तर रोल पुढे सरकत नाहीये. आणि संपल्यावर बुडाचं छोटं बटण दाबून रोल पूर्ण गुंडाळा, मगच दार उघडा.

रोल धुवून आला. आखणीच्या अकरा फोटोंपैकी सातांत डोळा आणि कुंचल्याचं टोक दोन्ही लख्ख आलेत. बाकी चारांत मामांचा हात हलला आहे. मला तेही ठेवावेसे वाटतात.

तुमच्या घरी कपाटात आजोबांचा आग्फा क्लिक थ्री पडला असेल. त्याला वेगळा, १२० चा रोल लागतो आणि फोटो बाराच निघतात, पण कामं तीच. दिवाळीच्या सुट्टीत घेऊन या, आपण मिळून उघडू.