कॅमेरा बोलतो, पण संगणकाला कळत नाही



जुने चित्रपट जतन करण्यासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पण तोपर्यंत भारतात तयार झालेले बहुतेक मूकपट कायमचे नाहीसे झाले होते. ज्या फितींकडे वेळेवर कोणी लक्ष दिले नाही, त्या गेल्या.

आता आपल्या घरातले कपाट उघडून पाहा. १९९५ ते २००५ च्या सुमारास हौसेने घेतलेला व्हिडिओ कॅमेरा आणि आगपेटीहून थोड्या मोठ्या ‘मिनी-डीव्ही’ कॅसेटी अजूनही पुष्कळ घरांत पडून आहेत. त्यांत काकांचे लग्न असेल, लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जनाची मिरवणूक असेल, आज हयात नसलेल्या आजोबांचा आवाजही असेल. फितीवरचा चुंबकीय थर वर्षानुवर्षे खराब होत जातो आणि दमट हवेत तिला बुरशी लागते. तेव्हा त्यातले चित्रण संगणकात उतरवून ठेवणे शहाणपणाचे.

पण केबल जोडली तरी संगणकाच्या पडद्यावर काहीच दिसत नाही, असे पुष्कळदा घडते. मग ‘कॅमेरा बिघडला’ असे ठरवून तो भंगारात दिला जातो. वास्तविक कॅमेरा ठणठणीत असू शकतो. दोष नेमका कुठे आहे हे शोधायचे कसे, ते आज पाहू.

पुणे स्टेशनावर फक्त जपानी भाषा जाणणारा पाहुणा उतरला, तर त्याच्याशी बोलायला आपल्याला दुभाष्या लागतो. संगणकात हे काम एक छोटा प्रोग्रॅम करतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. ‘चित्र पाठव’, ‘थांब’ या संगणकाच्या आज्ञा तो कॅमेऱ्याला समजतील अशा संकेतांत बदलतो आणि कॅमेऱ्याचे उत्तर संगणकाला सांगतो.

पण कोणता दुभाष्या बोलवायचा हे संगणकाला कसे कळते? यूएसबी केबल जोडताच संगणक विचारतो, “तू कोण?” उपकरण दोन क्रमांक सांगते: एक उत्पादकाचा, दुसरा त्या वस्तूचा. प्रत्येक क्रमांक १६ बिटांचा असतो, म्हणजे ६५,५३६ पैकी एक. संगणक आपल्या यादीत ते क्रमांक शोधतो. योग्य ड्रायव्हर सापडला तर संभाषण सुरू होते, नाही तर पाहुणा दारातच उभा राहतो.

२००३ साली यूएसबी कॅमेऱ्यांसाठी एक सामाईक भाषा ठरवण्यात आली. तिचे नाव यूव्हीसी. ही भाषा बोलणाऱ्या कॅमेऱ्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, म्हणून आजचे बहुतेक वेबकॅमेरे जोडताच चालू होतात. त्याआधीच्या कॅमेऱ्यांबरोबर मात्र ड्रायव्हरची स्वतंत्र सीडी येत असे. विंडोज ९८ साठी लिहिलेला तो ड्रायव्हर आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही. पाहुणा तोच आहे, पण त्याचा दुभाष्या निवृत्त झाला आहे!

आता दोष शोधू. प्रयोगशाळेतला नियम इथेही लागू आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झाले ते वहीत लिहा. केबल, खाच आणि ड्रायव्हर तिन्ही एकदम बदलले, तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

पहिली पायरी. संगणक बाजूला ठेवा. कॅसेट कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पडद्यावर नीट दिसते का? बॅटरी जुनी असेल, तर ॲडॅप्टर लावा. बटण चित्रीकरणावर न ठेवता कॅसेट पाहण्याच्या जागी ठेवा.

दुसरी पायरी. विंडोजमधील ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि केबल लावताना त्या यादीकडे पाहत राहा. तीनपैकी एक गोष्ट घडेल.

यादी जराही हलली नाही, तर ड्रायव्हरला दोष देऊ नका. पाहुणा दारापर्यंत पोचलाच नाही! दोष बहुधा केबल, खाच किंवा जोडणीत आहे. काही यूएसबी केबल्समध्ये फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतात. दुसरी केबल लावून पाहा.

नवे नाव आले, पण त्यावर पिवळा त्रिकोण आहे, तर मार्ग निदान ओळख पटण्यापुरता तरी ठीक आहे. त्या नावावर दोनदा क्लिक केले की एक क्रमांक दिसतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. तिथेच उपकरणाचे ते दोन क्रमांकही सापडतात. ते घेऊन उत्पादकाच्याच संकेतस्थळावर ड्रायव्हर शोधा. अनोळखी ठिकाणचा ‘फुकट ड्रायव्हर’ घेऊ नका. ड्रायव्हरला संगणकाच्या अगदी आतल्या भागात प्रवेश असतो, आणि घराची किल्ली कोणी अनोळखी माणसाच्या हाती देत नाही.

नाव आले, त्रिकोण नाही, तरीही चित्र नाही, असे असेल तर चित्र दाखवणारा प्रोग्रॅम तपासा. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने कॅमेरा आधीच अडवून ठेवला आहे का? सेटिंग्जमध्ये कॅमेरा वापरण्याची परवानगी दिली आहे का?

आता एक गणित. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एक चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे असते आणि सेकंदाला २५ चित्रे येतात. प्रत्येक बिंदूला २ बाइट धरले, तर सेकंदाला २,०७,३६,००० बाइट, म्हणजे सुमारे १६६ मेगाबिट होतात. मिनी-डीव्ही कॅमेरा हे चित्र संकोचून २५ मेगाबिटांवर आणतो. पण सुरुवातीच्या यूएसबीचा वेग होता सेकंदाला फक्त १२ मेगाबिट! म्हणून त्या काळातल्या अनेक कॅमेऱ्यांची यूएसबी खाच केवळ स्थिर छायाचित्रांसाठी असे. तिथून कॅसेट उतरवू पाहणाऱ्याला कोणताच ड्रायव्हर मदत करू शकत नाही.

कॅसेटसाठी दुसरी खाच असते. तिच्यावर ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ असे लिहिलेले असते. ही १९९५ साली प्रमाणित झालेली फायरवायर जोडणी. तिचा वेग ४०० मेगाबिट. नव्या संगणकांत ही खाच सहसा नसते, पण टेबलावरच्या संगणकात फायरवायरचे कार्ड बसवता येते. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात अशा जुन्या वस्तूंची चौकशी करून पाहायला हरकत नाही. मात्र ही वाट हळूहळू बंद होत आहे. २०२५ साली ॲपलने आपल्या नव्या मॅक प्रणालीतून फायरवायरचा आधार काढून टाकला. लिनक्स प्रणालीत तो अजून आहे. म्हणून घरातला जुना संगणकही घाईने मोडीत काढू नका.

फायरवायरची केबल लावताना जोर करू नका. सहा टोकांच्या जोडणीत वीजही असते. ती उलटी बसली, तर खाच जळू शकते.

शेवटी एक सूचना. आजोबांची कॅसेट पहिल्यांदा लावू नका. इतकी वर्षे बंद असलेला कॅमेरा फीत अडकवू शकतो. आधी बिनमहत्त्वाची कॅसेट पूर्ण चालवून पाहा. सर्व काही सुरळीत झाले की मगच मौल्यवान कॅसेट घ्या. एका तासाच्या चित्रणाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

करून पाहा: कोणताही यूएसबी कॅमेरा एकदा थेट संगणकाला आणि एकदा वीजपुरवठा नसलेल्या हबमधून जोडा. हबला त्याच वेळी आणखी दोन-तीन उपकरणे लावा. फरक पडला, तर कारण शोधा. यूएसबी २ ची एक खाच ५ व्होल्ट दाबाला जास्तीत जास्त ५०० मिलिॲम्पिअर प्रवाह देते. उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल.