भाकरीच्या घांसाचें काय होतें?

भोर व वेल्हे भागांतील घरच्या ताटाचें वर्णन करावयास फार शब्द लागत नाहींत. खाचरांतला भात, डोंगरउतारावरील वरकस जमिनींतली नाचणी व वरई, जोडीला हुलग्याचें पिठलें किंवा एखादी पालेभाजी. याच साध्या जेवणावर राजगड-तोरण्याच्या वाटा तुडविणारीं माणसें पोसलीं आहेत. तथापि भाकरी ही भाकरीच्या रूपानें रक्तांत मिसळूं शकत नाहीं. तिचे अतिसूक्ष्म विभाग व्हावे लागतात, आणि त्या कामास पोटांत नव्हे, तर तोंडांतच आरंभ होतो.

विद्यार्थिमित्रांनीं घरीं एक सोपा प्रयोग करून पाहावा. भाकरीचा लहानसा कोरडा तुकडा तोंडांत घेऊन एक-दोन मिनिटें सावकाश चावावा, गिळूं नये. थोड्या वेळानें त्यास किंचित् गोडी येऊं लागते. ही साखर भाकरींत कोणी घातलेली नव्हती. ती लाळेनें तयार केली. लाळेंत अमायलेज नांवाचें पाचक द्रव्य असतें. तें धान्यांतील पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, तुकडे करून त्यापासून एक प्रकारची शर्करा बनवितें. प्रयोगशाळेंत हेंच डोळ्यांनीं पाहतां येतें. भाताच्या पेजेंत आयोडिनाचा थेंब टाकला कीं ती गर्द निळी होते. पण तींत आधीं लाळ मिसळून कांहीं वेळ कोमट ठेवली, तर तो रंग फिका पडतो किंवा येतच नाहीं. प्रौढ मनुष्याच्या तोंडांत दिवसाकाठीं सुमारें १ ते १.५ लिटर लाळ स्रवते.

येथें भाताविषयीं एक गोष्ट पालकांच्या ध्यानांत आणून द्यावीशी वाटते. भाकरी न चावतां गिळणें कठीण. ती दांतांकडून आपलें काम करवून घेते. आमटी ओतून कालविलेला मऊ भात मात्र जिभेवरून सरळ घशांत उतरतो, आणि शाळेची घाई असली म्हणजे मूल चार मिनिटांत ताट रिकामें करितें. असें अन्न मुळींच पचत नाहीं हें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल, कारण पिष्टाचें बरेचसें पचन पुढें लहान आंतड्यांत होतें. पण न फुटलेल्या दाण्याच्या आंत पाचक रस शिरण्यास अडचण पडते. मक्याचा दाणा तसाच गिळला तर त्याचें टरफल जसेंच्या तसें बाहेर पडतें. गोठ्यांतल्या गाईला ही चिंता नाहीं; घाईनें गिळलेला चारा ती पुन्हां तोंडांत आणून रवंथ करिते. आपणांस अशी दुसरी संधि नाहीं. म्हणून, मुलाचे २० दुधाचे दांत पडणारच तर किडले तरी चालतील असें समजणें, आणि मोठ्यांनीं मिश्री लावून हिरड्या बिघडविणें, या दोन्ही गोष्टी जेवणाच्या पहिल्याच पायरीस धक्का लावितात.

चावलेला घांस जीभ मागें ढकलते व त्याच क्षणीं श्वासनळीवर झांकण पडतें. जेवतांना बोललों-हंसलों तर हा मेळ चुकतो आणि ठसका लागतो. पुढें सुमारें २५ सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका. तिचे स्नायु लाटेप्रमाणें आकसत घांसास खालीं नेतात. म्हणूनच आडवें पडूनहि पाणी पितां येतें.

जठरांत अन्न दळलें जातें, कुजतें, कीं शिजतें, याविषयीं फार काळ वाद होता. आपल्याकडे तर जठराग्नि हा शब्दच रूढ आहे. या वादाचा उलगडा होण्यास एका अपघाताचें मोठें साहाय्य झालें. १८२२ सालीं अमेरिकेंतील मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या तरुणास बंदुकीचा बार लागला. तो जगला, पण जठरापर्यंत गेलेलें छिद्र बुजलें नाहीं. त्याचे डॉक्टर विल्यम बोमाँट यांनीं १८२५ पासून त्या छिद्रांतून रेशमी दोऱ्यास बांधलेले अन्नाचे तुकडे आंत सोडले व ठराविक वेळानें ओढून पाहिले. जठरांतला रस बाहेर काढून बाटलींत उबदार ठेवला, तरी त्यांतहि मांस विरघळूं लागे. अर्थात् हें काम अग्नीचें नसून रसाचें होतें. १८३३ त बोमाँटचें पुस्तक निघालें व त्यांचें नांव झालें. हें सारें सोसणाऱ्या त्या गरीब मजुराची आठवण मात्र फारसें कोणी काढीत नाहीं.

या रसांत हायड्रोक्लोरिक आम्ल व पेप्सिन असतें. पेप्सिन डाळी-हुलग्यांतील प्रथिनें तोडतें. उलट लाळेचें काम आम्लानें थांबतें. जठर स्वतःच कसें पचत नाहीं? त्याच्या आंतल्या बाजूस बुळबुळीत थर असतो म्हणून. तेथें व्रण पडला कीं दोष तिखटास देण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु ऑस्ट्रेलियांतील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनीं १९८२ पासून केलेल्या संशोधनानें पुष्कळशा व्रणांचें मूळ हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतु असल्याचें दिसून आलें. त्यांस २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अंगदुखीच्या कांहीं गोळ्या वारंवार घेतल्यानेंहि असे व्रण होतात, हें घरांतील वडील मंडळींनीं विसरूं नये.

जठराच्या खालच्या तोंडाशीं स्नायूंचें एक कडें असतें. भाटघरच्या धरणांतून पाणी बेतानें सोडावें, तसें तें कडें पातळ झालेलें अन्न थोडें थोडें लहान आंतड्यांत सोडतें. जठर रिकामें होण्यास बहुधा २ ते ४ तास लागतात. आंतड्याच्या पहिल्या सुमारें २५ सेंटिमीटरांतच यकृताकडून पित्त व स्वादुपिंडाकडून त्याचा रस येऊन मिळतो. स्वादुपिंडाचा रस आम्लता मारतो आणि लाळेनें अर्धवट सोडलेलें पिष्ट तोडूं लागतो. पित्त तेलातुपाचे बारीक थेंब करितें. तेथून पुढें आंतड्याच्या भिंतींतून भाकरीची साखर रक्तांत उतरते.