मुक्त प्रणालीवरील चित्रमय डेस्कटॉप : रचना, उभारणी आणि अर्थकारण

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीचे नियमित पाठबळ संपुष्टात आले. ज्या शाळा-महाविद्यालयांतील संगणक ‘विंडोज ११’च्या अटी पूर्ण करू शकत नाहीत, त्यांच्यापुढे नवी खरेदी करावी की जुन्याच यंत्रांवर मुक्त प्रणाली बसवावी, असा प्रश्न उभा राहिला. वरकरणी तांत्रिक वाटणारा हा प्रश्न मर्यादित साधनांच्या वाटपाचा, म्हणजेच मूलतः अर्थशास्त्राचा आहे.

थरांची रचना

युनिक्ससदृश प्रणालीत यंत्राचे नियंत्रण आणि पडद्यावरील चित्र हे स्वतंत्र थर असतात. तळाशी कर्नेल असते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘लिनक्स’ हे त्याचे परिचित उदाहरण. पडद्यावर चौकटी रेखाटण्याची सोय ‘एक्स विंडो’ ही व्यवस्था करते. तिचा आरंभ १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाला. २००८ मध्ये सुरू झालेला ‘वेलँड’ हा तिचा नवा पर्याय होय. त्यावर ‘केडीई’ (१९९६) किंवा ‘नोम’ (१९९७) यांसारखे डेस्कटॉप उभे राहतात. थर वेगळे असल्यामुळे संपूर्ण प्रणाली न बदलता केवळ डेस्कटॉप बदलता येतो. जुन्या यंत्रांच्या दृष्टीने हेच वैशिष्ट्य निर्णायक ठरते.

उभारणीचे टप्पे

‘डेबियन’ या वितरणाचे उदाहरण घेऊ.

१. संगणकातील माहितीची प्रत अन्यत्र सुरक्षित ठेवावी.

२. प्रोसेसर ६४ बिटचा आहे याची खात्री करावी. २०२५ मध्ये आलेल्या ‘डेबियन १३’पासून ३२ बिट संगणकांसाठी स्थापना-संच दिला जात नाही.

३. मूळ प्रणाली बसवताना ‘टास्कसेल’च्या यादीतून डेस्कटॉप निवडावा. स्मृती कमी असल्यास ‘नोम’ऐवजी ‘एक्सएफसीई’ किंवा ‘एलएक्सक्यूटी’ हा हलका पर्याय योग्य. डेस्कटॉप नंतर बसवायचा झाल्यास ‘एपीटी’ या साधनाने आधी पॅकेजची यादी अद्ययावत करावी.

४. डेस्कटॉपबरोबर प्रवेशाचा पडदा दाखवणारा ‘डिस्प्ले मॅनेजर’ही बसतो. संगणक पुन्हा सुरू केल्यावर तो दिसला, की सर्व थर जुळले असे समजावे.

५. शेवटी मराठी भाषा, देवनागरी टंक आणि ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक निवडावा.

अर्थकारण

मुक्त सॉफ्टवेअर एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही. वापरापासून कोणाला वगळताही येत नाही. म्हणून त्याचे स्वरूप सार्वजनिक वस्तूसारखे आहे. तथापि परवाना-शुल्क शून्य म्हणजे खर्च शून्य नव्हे. शिक्षकांचे प्रशिक्षण, देखभाल आणि जुन्या सवयी सोडण्याची किंमत, म्हणजे संक्रमण-खर्च, हिशेबात धरावाच लागतो. केरळने ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पातून शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर रुजवताना शिक्षक-प्रशिक्षणावर भर दिला, तो याच कारणाने. ज्या शाळेत संगणक आहे पण तो दुरुस्त करणारे कोणी नाही, तेथे फुकट प्रणालीही अखेर महाग पडते.

केंद्र शासनाच्या २०१५ च्या धोरणाने शासकीय ई-प्रशासन प्रणालींमध्ये मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य दिले. ते वगळायचे असल्यास कारण देणे अपेक्षित आहे. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीदेखील डेबियनवरच आधारित आहे.

सारांश

उत्तर लिहिताना परीक्षार्थींनी ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांतील भेद आवर्जून स्पष्ट करावा. मोफत हा शब्द किमतीविषयी आहे. मुक्त हा शब्द वापरणे, अभ्यासणे, बदलणे आणि वाटणे या अधिकारांविषयी. जुन्या संगणकाचे आयुष्य वाढते ते या अधिकारांमुळे. मात्र ते अधिकार वापरू शकणारी माणसे घडवणे हे सार्वजनिक गुंतवणुकीचेच काम आहे.